हजामतीमागचा हिजामा

हजामत म्हटले की मराठी माणसाला वस्तरा आणि साबणाचा फेस आठवतो. पण या शब्दाचे मूळ अरबी ‘हिजामा’च्या घराण्यात आहे, आणि हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे. अरबीत हज्जाम म्हणजे तुंबडी लावणारा. केस कापणारा आणि रक्त काढणारा बहुधा एकच असे. पुढे रक्त काढणे मागे पडले, नाव तेवढे न्हाव्याकडे राहिले.

तुंबडीची जुनी रीत साधी होती. जनावराच्या पोकळ शिंगाचे रुंद तोंड कातडीवर टेकवायचे, टोकाच्या भोकातून तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बुजवायचे. शिंगाखालची कातडी फुगून वर येते, लालजांभळी होते. मग शिंग काढून तिथे बारीक चरे द्यायचे आणि ते पुन्हा लावायचे. चरे दिले नाहीत तर ती कोरडी तुंबडी.

शिंग कुणा एका देशाचे नव्हते. वाताने बिघडलेल्या रक्ताला शिंग, पित्ताच्या रक्ताला जळू आणि कफाच्या रक्ताला भोपळ्याची तुंबडी, अशी वाटणी सुश्रुतसंहितेत आहे. चीनमध्ये चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात शिंगाच्या तुंबडीचा उल्लेख येतो, आणि तिथले तिचे जुने नावच ‘शिंगाची रीत’ असे आहे. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांशेजारी ती चिनी वैद्यकात आजही नांदते आहे.

नाडीचेही तसेच. चिनी वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवतो, युनानी हकीम चार. नब्ज पाहताना हकिमाला दहा गोष्टी तपासायच्या असतात: लांबीरुंदी, जोर, वेग, ताल, दोन ठोक्यांमधली उसंत वगैरे. या दोन विद्यांची गाठही पडली होती. 1313च्या सुमारास इराणमधल्या तब्रीझला वजीर रशीदुद्दीन यांनी चिनी वैद्यकाचे ग्रंथ फारसीत आणवले. त्यात नाडीपरीक्षेवरचा ग्रंथ होता.

हकिमांच्या त्या युनानी, म्हणजे फारसी-अरबी विद्येचे एक मोठे माहेरघर म्हणजे लखनौ. 1775 साली नवाब आसफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून इथे हलवली आणि कवी, गवयांबरोबर हकीमही आले. 1856 साली इंग्रजांनी अवध खालसा केले आणि दरबारचा आधार गेला. विद्या टिकली ती घराण्यांमध्ये. मूळच्या काश्मिरी कुटुंबातले हकीम मुहम्मद याकूब यांचे घराणे त्यात अग्रभागी होते. पुढे ते हकीम अब्दुल अजीज यांच्या नावाने अजीजी म्हणून ओळखले जाऊ लागले.

अब्दुल अजीज (1855–1911) यांनी घरची विद्या घराबाहेर काढली. 1902 साली त्यांनी लखनौत मदरसा काढला आणि नाव दिले ‘तकमील-उत-तिब’, म्हणजे वैद्यकाची परिपूर्ती. तीनच वर्षांनी त्याच शहरात किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची पायाभरणी झाली. दिल्लीत हकीम अजमल खान युनानी आणि आयुर्वेद यांना एका व्यासपीठावर आणत होते, पाश्चात्त्य वैद्यकातलेही घेत होते. अब्दुल अजीज यांना ही सरमिसळ मान्य नव्हती. इब्न सीनाचा ‘कानून’ हा वैद्यकग्रंथ मुळातून शिकलेला हकीम त्यांना हवा होता. चीरफाडही युनानीचीच, ती इंग्रजांकडून उसनी आणायला नको, ही त्यांच्या घराण्याची भूमिका होती.

या विद्येत हिजामा कधीच एकटा नव्हता. ‘इलाज-बित-तदबीर’ या शाखेत तो फस्द म्हणजे शीर उघडणे, जळवा, मालीश, हम्माम आणि व्यायाम यांच्या रांगेत बसतो. रोग्याचा मिजाज म्हणजे प्रकृती, वय, ताकद आणि ऋतू पाहिल्याशिवाय तुंबडी लावायची नाही, हा तिथला दंडक. वेलनेसच्या दुकानात ‘शरीर शुद्ध करणारा’ म्हणून विकला जाणारा कप आणि ही तुंबडी यांत मोठे अंतर आहे. एका बाजूला अर्ध्या तासाची सेवा, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांचा अभ्यास. त्या अभ्यासातले शरीरातल्या चार द्रवांचे गणित आजच्या विज्ञानाला मान्य नाही, पण रोग्याला नीट न्याहाळण्याची त्याची शिस्त खरी होती.

तकमील-उत-तिब आज सरकारी महाविद्यालय आहे. युनानीच्या पदवी अभ्यासक्रमात तदबीर हा विषय आहे, शिंगाच्या जागी हातपंपाचे प्लास्टिकचे कप आले आहेत, आणि संस्थेच्या नावात अब्दुल अजीज यांनी 1902 साली निवडलेले तेच दोन अरबी शब्द आहेत.