प्रौढ वयात आइस स्केटिंग : पहिले फिगर स्केट्स कसे निवडावेत?

फिगर स्केटिंग हा खेळ बालपणीच शिकावा लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील रिंकवर मात्र तिशी, चाळिशी किंवा त्यानंतर पहिले पाऊल बर्फावर टाकणाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्ग चालतात. अमेरिकेत १९९५ पासून प्रौढ स्केटरांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००५ मध्ये सुरू झाली. नोकरीनिमित्त या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही मुलांना शिकवणीला सोडायला गेलेले आईवडील कालांतराने स्वतः स्केट्स बांधू लागतात.

या नवशिक्यांपैकी अनेकांची पहिली तक्रार एकच असते : ‘आमचे घोटेच कमकुवत आहेत, पाय आत वळतात.’ पुष्कळदा दोष घोट्यांचा नसतो. बूट एक-दीड माप मोठा असतो, त्यात टाच हलते आणि पाते पायाखाली सरळ राहत नाही. नेहमीच्या चपला-बुटांच्या मापावर विसंबून केलेली खरेदी हे त्याचे प्रमुख कारण होय. अशा बुटांत महिनोन्‌महिने सराव करूनही प्रगती होत नाही आणि वयाला दोष देऊन शिकणे सोडले जाते. पहिल्या खरेदीत ब्रँड, रंग आणि किमतीपेक्षा मापाला अधिक महत्त्व द्यावे लागते, ते यासाठीच.

भाड्याचे स्केट्स किती दिवस?

पहिल्या चार-सहा वेळा रिंकवर मिळणारे भाड्याचे स्केट्स वापरण्यास हरकत नाही. हा खेळ आपल्याला रुचतो की नाही, हे तेवढ्यात कळते. परंतु शेकडो पायांनी वापरलेले हे बूट घोट्याजवळ मऊ पडलेले असतात आणि पात्यांची धार अनेकदा बोथट असते. एका पायावर घसरणे, धारेवर वळणे आणि मागे जाणे शिकू लागताच त्यांची मर्यादा जाणवू लागते. आठवड्यातून एकदा तरी नियमित सराव करायचा निश्चय झाला, की स्वतःचे स्केट्स घेण्याची वेळ आली, असे समजावे.

बूट आणि पाते

पूर्वी पाती पट्ट्यांनी नेहमीच्या बुटांना बांधली जात. १८६० च्या दशकात अमेरिकन स्केटर जॅक्सन हेन्स याने पाते थेट बुटाला पक्के बसवून वापरले आणि या खेळाचे रूप पालटले. तेव्हापासून बूट आणि पाते मिळून एकच साधन मानले जाते. त्यांपैकी एक बिघडले तर दुसरे कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

नवशिक्यांच्या प्रकारांत पाते बसवूनच बूट विकले जातात. वरच्या दर्जाचे बूट आणि पाती वेगवेगळी घ्यावी लागतात. कॅनडाची जॅक्सन, अमेरिकेची रिडेल, इटलीच्या एडिआ आणि रिस्पोर्ट या बुटांच्या परिचित कंपन्या आहेत. पात्यांसाठी इंग्लंडमधील शेफिल्ड प्रसिद्ध असून जॉन विल्सन आणि एमके ही नावे तेथलीच. यांपैकी कोणतीही कंपनी सर्वांसाठी सर्वोत्तम नाही. प्रत्येकीचा साचा वेगळा असतो : कोणाचा टाचेकडे अरुंद, कोणाचा चवड्याकडे ऐसपैस, तर कोणाचा बोटांकडे निमुळता. मैत्रिणीला उत्तम बसलेला बूट आपल्यालाही बसेलच, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरते.

माप कसे घ्यावे?

माप दोन्ही पावलांचे आणि उभे राहून घ्यावे. शरीराचा भार पडताच पाऊल लांबीला आणि रुंदीला पसरते. दोन पावलांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. चांगल्या दुकानात बसून आणि उभे राहून अशी दोन्ही मापे घेतात. त्यांतील अंतर जास्त असेल तर पायाची कमान भाराखाली किती दबते, याचा अंदाज येतो आणि तळव्याखालील आधाराची गरज ठरवता येते.

घरी प्राथमिक माप घ्यायचे असल्यास भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे. पेन्सिल सरळ धरून पावलाची बाह्यरेषा काढावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर आणि चवड्याची सर्वाधिक रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. हे काम दुसऱ्याकडून करवून घेणे बरे. स्वतः वाकल्यावर भार सरकतो आणि माप चुकते.

स्केट्सचा क्रमांक आणि रोजच्या बुटांचा क्रमांक यांचा थेट संबंध नसतो. एडिआ आणि रिस्पोर्ट आपले क्रमांक मिलिमीटरमध्ये देतात. उत्तर अमेरिकी कंपन्यांचे क्रमांक दिसायला रोजच्या बुटांसारखे असतात, पण योग्य बसणारा स्केट बहुधा त्याहून अर्ध्या ते दीड मापाने लहान निघतो. ‘मी सात नंबर घालते’ एवढी माहिती दुकानदाराला पुरेशी नसते.

रुंदीकडे भारतीय ग्राहकांनी विशेष लक्ष द्यावे. दक्षिण भारतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा लोकांचे पाऊल पुढच्या बाजूस अधिक रुंद असल्याचे आढळले. वर्षानुवर्षे अनवाणी किंवा उघड्या चपलांत वावरलेल्या अनेकांना चवडा रुंद आणि टाच त्या मानाने अरुंद, अशी अडचण येते. त्यावर उपाय म्हणून लांबीने मोठा बूट घेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्याने चवडा सुटतो, पण टाच मोकळी होते. अशा वेळी त्याच लांबीत अधिक रुंदीचा बूट मागावा. काही कंपन्या चवडा आणि टाच यांची रुंदी वेगवेगळी ठेवूनही बूट बनवून देतात.

दुकानात घालून पाहताना

या कामासाठी किमान अर्धा-पाऊण तास हाताशी असावा. सरावाच्या वेळी वापरायचे तेच पातळ मोजे न्यावेत. जाड लोकरी मोज्यांनी पाय उबदार राहतो, हा गैरसमज आहे. त्यांनी पाय बुटात सरकतो किंवा दाबला जाऊन अधिकच गार पडतो. डॉक्टरांनी दिलेला तळव्याचा आधार वापरात असेल तर तोही सोबत न्यावा.

बुटात पाय घालून नाड्या बांधण्याआधी टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसवावी. नाड्या बोटांकडे बेताच्या, घोट्याच्या वळणापाशी घट्ट आणि वरच्या हुकांवर एक बोट जाईल इतक्या सैल असाव्यात. त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात :

- ताठ उभे राहिल्यावर बोटांची टोके बुटाच्या पुढच्या टोकाला हलकेच स्पर्शावीत, पण दुमडू नयेत. गुडघे वाकवताच ती किंचित मागे यावीत.
- गुडघे खोल वाकवले किंवा चवड्यावर उभे राहिले तरी टाच उचलली जाऊ नये. ही सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे.
- चवड्याला दोन्ही बाजूंनी सारखा दाब जाणवावा. मुंग्या येऊ नयेत किंवा बोटे बधिर होऊ नयेत.
- नाड्या बांधल्यावर घोट्यापाशी बुटाच्या दोन्ही कडांत थोडे अंतर उरावे. कडा एकमेकींना भिडत असतील तर बूट मोठा आहे.
- दोन्ही बूट घालून दहा-पंधरा मिनिटे बसावे, उभे राहावे. पाच मिनिटांत सुखावह वाटणारा बूट पंधराव्या मिनिटाला बोचू शकतो.

नवा बूट पायाला चहूबाजूंनी घट्ट मिठी मारल्यासारखा वाटावा. चपलेसारखा आरामदायक वाटणारा स्केट महिन्याभरात सैल पडतो.

ताठपणा : कमी नको, फार नको

घोट्याला आधार देण्यासाठी बुटाची वरची बाजू ताठ असते. हा ताठपणा स्केटरचे वजन, उंची आणि पातळी पाहून ठरतो. प्रौढ नवशिका आणि आठ वर्षांचा नवशिका एकाच पाठात असले तरी त्यांना एकाच ताठपणाचा बूट चालत नाही. सर्वांत स्वस्त, मऊ बूट मुलाला वर्षभर पुरेल. ७०-८० किलो वजनाच्या व्यक्तीखाली तो काही आठवड्यांत घोट्यापाशी मोडू शकतो.

याउलट ‘एकदाच चांगले घेऊ’ म्हणून दुहेरी-तिहेरी उड्यांसाठी बनवलेला बूट घेणेही अहितकारक ठरते. असा बूट नवशिक्याच्या भाराने वाकतच नाही. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही, गुडघा वाकला नाही की शरीराचा तोल मागे जातो आणि माणूस पाठीवर पडतो. प्रौढांमध्ये अशा पडण्याने मनगट, माकडहाड आणि डोके यांना इजा होण्याचा धोका असतो. अनेक कंपन्या ताठपणाचा आकडा देतात; परंतु प्रत्येकीची मोजपट्टी स्वतंत्र असल्याने एका कंपनीच्या आकड्याची दुसरीच्या आकड्याशी तुलना करू नये. वजन आणि सरावाचे तास मोकळेपणाने सांगून प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

पात्याविषयी थोडे

फिगर स्केटचे पाते खालून सपाट नसते. त्यावर मधोमध पन्हळीसारखी खोलगट रेषा असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आतली व बाहेरची अशा दोन धारा असतात. पन्हळ जितकी खोल तितकी बर्फावरील पकड अधिक, आणि घसरण कमी. नवशिक्यांसाठी सहसा अर्धा इंच त्रिज्येची मध्यम खोली ठेवली जाते. पाते पुढून मागेही किंचित कमानदार असते. ही कमान ७ किंवा ८ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग असते. पुढचे दातेरी टोक उड्या आणि गिरक्यांसाठी असते. त्याने थांबण्याचा प्रयत्न करू नये.

पहिल्या एक-दोन वर्षांत महागड्या पात्याची गरज भासत नाही. मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. नवी पाती अनेकदा धार न लावताच येतात. बर्फावर उतरण्यापूर्वी फिगर स्केट्सची माहिती असलेल्या कारागिराकडून धार लावून घ्यावी. दुसरे, पाते बुटाखाली नीट मध्यावर बसलेले असावे. एका पायावर सरळ घसरताना स्केट सतत आत किंवा बाहेर ओढत असेल, तर पाते सरकवून बसवावे लागते. यासाठीच जाणकार दुकानदार सुरुवातीला मोजकेच स्क्रू लावतात आणि चाचणीनंतर पाते पक्के करतात.

पहिले काही आठवडे

बरेचसे नवे बूट दुकानातील खास भट्टीत गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये. हाड उंचावलेल्या जागी बूट आतून ताणून जागाही करून घेता येते. त्यानंतरही बूट पूर्ण रुळायला काही तासांचा सराव लागतो. सुरुवातीला अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ घालू नयेत. सर्वत्र जाणवणारा दाब काही दिवसांत कमी होतो. एकाच बिंदूवर होणारी टोचणी, बधिरपणा किंवा टाचेला वारंवार येणारे फोड मात्र बूट घेऊन पुन्हा दुकानात जाण्याची खूण समजावी.

रिंकबाहेर चालताना पात्यांवर कडक आवरण घालावे. सरावानंतर पाती कोरडी पुसून कापडी आवरणात ठेवावीत. कडक आवरणात ओली पाती राहिली तर गंजतात. धार साधारण २० ते ४० तासांच्या सरावानंतर लावावी लागते.

खर्च, जुने स्केट्स आणि भारतातील खरेदी

अमेरिकेत पात्यासह मिळणारे प्राथमिक पण विश्वासार्ह स्केट्स शंभर-दोनशे डॉलरपासून सुरू होतात. प्रौढांना आधार देणाऱ्या मध्यम दर्जासाठी याहून अधिक तरतूद लागते. जुने स्केट्स स्वस्त पडतात, पण घोट्यापाशी खोल सुरकुत्या असलेले, दुसऱ्याच्या पायाचा साचा घेतलेले किंवा पात्याचे पोलाद धार लावून लावून झिजलेले जोड टाळावेत.

भारतात १९२० मध्ये सुरू झालेली शिमल्याची रिंक आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला उभारलेली रिंक ही या खेळाची परिचित ठिकाणे होत. माप घेऊन देणारी दुकाने मात्र विरळ असल्याने अनेकांना ऑनलाइन मागणी नोंदवावी लागते. तेव्हा दोन्ही पावलांच्या बाह्यरेषा, मिलिमीटरमधील मापे आणि वजन विक्रेत्याला आधी पाठवावे. बदलून देण्याची अट लेखी घ्यावी. बूट घरात, गालिच्यावर घालून पाहावेत आणि खात्री होईपर्यंत धार लावून घेऊ नये किंवा बूट गरम करून घेऊ नयेत. त्यानंतर ते सहसा परत घेतले जात नाहीत. परदेश प्रवासाचा योग असेल तर एखाद्या रिंकजवळच्या दुकानात माप देऊन खरेदी करणे अधिक श्रेयस्कर. महाराष्ट्रात रोलर स्केटिंग करणाऱ्यांनाही ही माहिती उपयोगी पडेल, कारण चाकांवरच्या फिगर स्केटिंगसाठी अशाच बुटांना चाकांची चौकट बसवतात.

खरेदीपूर्वी लक्षात ठेवावे

- आधी प्रशिक्षकाशी बोलावे, मग दुकान निवडावे.
- रोजच्या बुटाचा क्रमांक विसरून दोन्ही पावले नव्याने मोजून घ्यावीत.
- पुढे पाय वाढेल, असा विचार मुलांसाठी एक वेळ ठीक. प्रौढांनी मोठे माप घेण्याचे काहीच कारण नाही.
- निरनिराळ्या कंपन्यांचे किमान दोन-तीन जोड घालून पाहावेत.
- टाच उचलली जात असेल, तर तो जोड कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.