स्पायरोनोलॅक्टोन : पोटॅशियम राखणाऱ्या गोळीचा इतिहास

पायांवर सूज, जिना चढताना धाप आणि काही केल्या न उतरणारा रक्तदाब. अशा रुग्णाच्या औषधांत पुष्कळदा 25 मिलिग्रॅमची एक जुनी, स्वस्त गोळी असते. तिचे नाव स्पायरोनोलॅक्टोन. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचा समावेश आहे. औषधशास्त्राची पुस्तके तिला ‘पोटॅशियम राखणारे मूत्रल’ म्हणतात. या नावातील ‘राखणे’ या एका शब्दाभोवती तिचा सारा इतिहास फिरतो.

मूत्रल म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवून शरीरातील जादा मीठ-पाणी बाहेर काढणारे औषध. 1919 साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, सिफिलिसवरचे पाऱ्याचे इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला विलक्षण लघवी होते. पुढे तीनएक दशके सूज उतरवण्यासाठी पाऱ्याची विषारी संयुगेच वापरात राहिली. 1958 मध्ये क्लोरोथायाझाइडची गोळी बाजारात आली आणि हे उपचार सोपे झाले. मात्र या गोळीने सोडियमबरोबर पोटॅशियमही वाहून जाई. पोटॅशियम फार घटले की स्नायू दुबळे होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. म्हणून सोडियम बाहेर काढणारे, पण पोटॅशियम आत ठेवणारे औषध हवे होते.

त्याची वाट एका संप्रेरकाच्या शोधातून निघाली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट हे दोन संशोधक अधिवृक्क ग्रंथींच्या अर्कावर काम करीत होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या छोट्या ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना त्यांनी तो अर्क दिला आणि लघवीतील सोडियम व पोटॅशियमचे गुणोत्तर किरणोत्सारी समस्थानिकांच्या साहाय्याने मोजले. अर्कात काहीतरी असे होते, जे सोडियम रोखून धरी आणि पोटॅशियम बाहेर टाकी. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन आणि सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने 1953 मध्ये हा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा झाला. त्याच्या रेणूतील अल्डिहाइड गटावरून त्याला ‘अल्डोस्टेरोन’ हे नाव मिळाले. सिम्पसन आणि टेट यांनी 1956 मध्ये विवाह केला.

हे संप्रेरक अति झाले तर काय होते, याचे उत्तर अमेरिकेतून आले. 1954 मध्ये मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे 34 वर्षांची एक स्त्री आली. तिला अनेक वर्षे स्नायूंच्या दुबळेपणाचे व पेटक्यांचे झटके येत होते. रक्तदाब वाढलेला होता आणि रक्तातील पोटॅशियम फार कमी होते. तिच्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन बेसुमार स्रवत असावे, असे निदान कॉन यांनी केले. शस्त्रक्रियेत तेथे खरोखरच गाठ सापडली. ती काढल्यावर पोटॅशियम सावरले आणि रक्तदाबही उतरला. एक रेणू रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम घटवतो, हे एका रुग्णाच्या देहात स्पष्ट दिसले.

मग तो रेणू अडवता येईल का? प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक दिले असता शरीरातून सोडियम बाहेर पडते, असे शिकागोतील संशोधकांना 1955 च्या सुमारास आढळले होते. इलिनॉयमधील सर्ल कंपनीत जॉन चेला आणि चार्ल्स कागावा यांनी तशाच घडणीची संयुगे तयार केली. 1957 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 1960 च्या प्रारंभी स्पायरोनोलॅक्टोन अमेरिकेत उपलब्ध झाले. मूत्रनलिकेच्या शेवटच्या भागातील पेशींत अल्डोस्टेरोन ज्या ग्राही प्रथिनाला चिकटते, त्या जागी हा रेणू जाऊन बसतो. संप्रेरकाचा निरोप पोहोचत नाही, सोडियम बाहेर जाते आणि पोटॅशियम राहते. लैंगिक संप्रेरकांशी असलेल्या साधर्म्यामुळे काही पुरुषांत या गोळीने स्तनवाढ होते. त्याच दशकात ट्रायमटेरीन आणि अमिलोराइड ही औषधे आली. ती अल्डोस्टेरोनला न अडवता पेशीवरील सोडियमचे द्वारच बंद करतात.

पुढे अधिक प्रभावी मूत्रले आली आणि स्पायरोनोलॅक्टोन साहाय्यक औषध म्हणून मागे राहिले. 1999 मध्ये मात्र ‘रेल्स’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 15 देशांतील 1663 रुग्ण तीव्र हृदयनिष्क्रियतेने, म्हणजे हार्ट फेल्युअरने, ग्रासलेले होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर स्पायरोनोलॅक्टोनची अल्प मात्रा दिली, उरलेल्यांना औषधहीन गोळी. दुसऱ्या गटात 46 टक्के रुग्ण दगावले, तर स्पायरोनोलॅक्टोनच्या गटात 35 टक्के. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

जगभर डॉक्टर ही गोळी लिहू लागले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात नुकत्याच रुग्णालयातून घरी गेलेल्या वृद्ध हृदयनिष्क्रियता रुग्णांपैकी 1994 मध्ये दर हजारी 34 जणांना ती मिळत होती. 2001 च्या अखेरीस हा आकडा 149 झाला. त्याच काळात रक्तातील पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण हजारी 2.4 वरून 11 वर गेले आणि त्याच्याशी निगडित मृत्यू हजारी 0.3 वरून 2 वर. 2004 मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकविश्व हादरले. पोटॅशियम जसे घटून हृदय बिघडवते, तसे ते वाढूनही हृदय थांबवू शकते. राखलेले पोटॅशियमच आता घातक ठरत होते.

रेल्समध्ये असे का घडले नाही? ज्यांचे पोटॅशियम आधीच जास्त होते किंवा मूत्रपिंड बरेच बिघडले होते, त्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. शिवाय पहिले 12 आठवडे दर चार आठवड्यांनी रक्त तपासले जाई. चाचणीबाहेर गोळी पोहोचली. तिच्यासोबतची तपासणी सर्वत्र पोहोचली नाही. याला पुष्टी देणारा अभ्यास स्कॉटलंडच्या टेसाइड भागातून 2010 मध्ये आला. तेथेही रेल्सनंतर गोळीचा वापर झपाट्याने वाढला होता, पण रक्ततपासणीही वाढली होती आणि पोटॅशियमवाढीने रुग्णालयात येणाऱ्यांची लाट आली नाही.

2015 च्या ब्रिटनमधील ‘पाथवे-2’ चाचणीत, तीन औषधांनाही न जुमानणाऱ्या रक्तदाबावर चौथे औषध म्हणून हीच जुनी गोळी सर्वाधिक प्रभावी ठरली. म्हणजे येत्या काळात ती आणखी घरांत पोहोचेल. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी महिनोन्महिने आणण्याची सवय आहे. त्यात ‘लो सोडियम’ मिठाची भर पडली, तर त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबाची इतर काही औषधे, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि अशक्त मूत्रपिंडे हीदेखील पोटॅशियम वाढवतात.

यातून गोळी मनाने बंद करावी, असा अर्थ कोणी काढू नये. या गोळीने असंख्य आयुष्ये वाढवली आहेत. घरात कोणी ती घेत असेल, तर रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन शेवटचे कधी तपासले, एवढा एक प्रश्न विचारावा. सिम्पसन आणि टेट यांना अल्डोस्टेरोन सापडले ते सोडियम-पोटॅशियम मोजल्यामुळे. त्या शोधातून जन्मलेल्या गोळीला आजही त्याच मोजणीची सोबत लागते.