गंगाराम तांबट यांचे पर्वतीचे जलरंगचित्र

पेशवाईचा इतिहास आपण बखरी, पत्रे व दफ्तरातील रुमाल यांच्या आधारे लिहीत आलो. चित्रे मात्र बहुधा त्या मजकुराची शोभा वाढविण्यापुरतीच वापरली गेली. पुण्याचे चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट यांचे इ. स. १७९५ चे एक जलरंगचित्र या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. पर्वतीची टेकडी व तीवरील देवालये हा त्याचा विषय असून ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

पर्वतीवरील देवदेवेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी उभारले. त्यांनीच आंबील ओढ्याच्या पाण्यावर पायथ्याशी तळे करविले. त्या तळ्यातील बेटावर इ. स. १७८४ मध्ये गणपतीची स्थापना झाली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्रही गंगारामांनी इ. स. १७९० मध्ये काढले होते. म्हणजे दरबारच्या परिसराशी त्यांचा परिचय जुना होता. पर्वतीच्या चित्राचे सालही लक्षणीय आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये मराठ्यांना खर्ड्याचा विजय मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव निवर्तले. पुण्याच्या वैभवाचा हा अखेरचा स्थिर काळ होय.

गंगाराम हे इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पदरी काम करीत. इ. स. १७९१ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांचाही त्यांना सहवास लाभला. यावरून, परक्या धन्यासाठी परक्या पद्धतीने काढलेल्या चित्रास मराठी कलेच्या इतिहासात स्थान कसे द्यावे, असा आक्षेप संभवतो. परंतु समकालीन लंडनकडे पाहिले असता तो टिकत नाही. टर्नर व गर्टिन हे दोघे तरुण त्याच सुमारास डॉ. मन्रो यांच्या घरी मोल घेऊन इतरांच्या चित्रांच्या नकला करीत होते. गर्टिन रेखाटन करी आणि टर्नर रंग भरी. इंग्लंडमधील रोमँटिक जलरंगकलेची जडणघडण ज्या कामात झाली, त्यापैकी हे एक होते. मोलाने केलेले काम तेथे उमेदवारी ठरते, तर येथे केवळ चाकरी का ठरावे?

नावांचा इतिहासही बोलका आहे. वेरूळच्या लेण्यांवरील मॅलेट यांचा निबंध इ. स. १७९९ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये गंगारामांच्या रेखाटनांसह प्रसिद्ध झाला. इ. स. १८०३ ची वेरूळची प्रसिद्ध चित्रमाला मात्र वेल्स यांच्या नावाने ओळखली जाते. ते स्वतः इ. स. १७९५ मध्येच वारले होते.

आज ते तळे राहिलेले नाही. तेथे सारसबाग आहे. नष्ट झालेल्या परिसराची साक्ष म्हणून अशा चित्रांचे मोल आहेच. पण त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, पेशवाईतील पुणे पाहणारा एक डोळा पुण्याचाच होता. मराठी कलेचा इतिहास लिहिताना त्या डोळ्याची दखल घेणे, हे अभ्यासकांचे कर्तव्य होय.