कोणत्या तापमानाला?



ज्या गुरुजींच्या स्मृतीला हे व्याख्यान अर्पण केले आहे, त्यांनी मला याच शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. एकदा उत्तरपत्रिकेत मी लिहिले होते, "मिथेन हवेहून हलका असतो." गुण मिळाला, परंतु समासात तांबड्या शाईने एक प्रश्न होता : "कोणत्या तापमानाला?" त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे पुष्कळ वर्षांनी इतिहासात सापडले. आज तोच इतिहास आपणापुढे ठेवतो.

नैसर्गिक वायूत मुख्यत्वे मिथेन असतो. उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यास त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी ईस्ट ओहायो गॅस कंपनीने १९४१ साली या गुणाचा उपयोग केला. हिवाळ्यात घरोघरी वायूची मागणी वाढे. त्यासाठी तो द्रवरूपात साठवून ठेवावयाचा. आरंभी तीन गोलाकार टाक्या होत्या; युद्धकाळात चौथी, दंडगोलाकार टाकी उभी राहिली. शेजारीच दाट वस्ती होती.

२० ऑक्टोबर १९४४ रोजी दुपारी या चौथ्या टाकीतून पांढरे धुके बाहेर पडू लागले आणि पाहता पाहता ती फुटली. द्रव रस्त्यांवर व गटारांत वाहिला आणि लवकरच पेटला. आता संकट आटोक्यात आले, अशा समजुतीने काही लोक घरी परतले. थोड्याच वेळात दुसरी टाकी फुटली. गटारांत साचलेल्या वायूचे स्फोट होऊन रस्ते उखडले. या दुर्घटनेत १३० माणसे मृत्युमुखी पडली.

येथे थंडीने माणसाला तीन प्रकारे फसविले. पहिली फसवणूक पोलादाची. टाकीच्या पोलादात निकेलचे प्रमाण साडेतीन टक्के होते. नेहमीच्या तापमानाला जे पोलाद ताण आला असता वाकते, तेच अतिशीत अवस्थेत काचेसारखे तडकते. दुसरी फसवणूक वायूची. एरवी मिथेन वर चढून विरून जातो. पण नुकताच उकळलेला शीत वायू हवेहून जड असतो. सुमारे उणे ११० अंशांपर्यंत तापेतो तो जमिनीलगत सरपटतो, तळघरांत आणि गटारांत उतरतो. तिसरी फसवणूक सर्वांत सूक्ष्म. थंडीत वायूची ज्वलनमर्यादा किंचित आखडते, म्हणून तो निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात हवेत मिसळताना तो तापतो आणि त्याचे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. उघड्यावर जो नुसता पेटला असता, तो बंदिस्त गटारात स्फोटाचे रूप घेतो.

या आघातानंतर अमेरिकेत द्रवरूप वायूचा साठा करण्याचे धाडस बरीच वर्षे मंदावले. पुढे अशा टाक्यांसाठी नऊ टक्के निकेलचे पोलाद रूढ झाले. सांडलेला द्रव अडविण्यासाठी टाक्यांभोवती बांध आले आणि वस्तीपासून अंतर राखण्याचे नियम झाले. १९५९ साली 'मिथेन पायोनिअर' हे जहाज असा द्रव घेऊन लुईझियानाहून इंग्लंडला सुखरूप पोहोचले. आपल्या वडोदऱ्याहून फार दूर नसलेल्या दहेज बंदरात २००४ पासून अशीच जहाजे येत आहेत.

हे नियम आपल्याला आयते मिळाले, म्हणून त्यांची किंमत विसरता कामा नये. क्लीव्हलँडच्या त्या वस्तीतील माणसांनी टाकीची जागा निवडली नव्हती, पोलादही निवडले नव्हते. किंमत मात्र त्यांनी मोजली. अर्धे सत्य पुस्तकात असते तोवर एखादा गुण जातो. ते कारखान्यात शिरले की माणसे जातात.

विद्यार्थी मित्रहो, गुरुजींचा तो तांबड्या शाईतला प्रश्न मी आज तुमच्या स्वाधीन करतो. कोणी ठामपणे "हे सुरक्षित आहे" असे म्हणाले, तर नम्रपणे, पण न चुकता विचारा : कोणत्या तापमानाला?