वरच्या जबड्याचा कॅन्सर: ऑपरेशन झालं, पण उपचार संपले का?

वरचा दात हलू लागला म्हणून काढला, पण जखम भरतच नाही. एकाच बाजूची नाकपुडी सतत बंद आहे, त्यातून रक्त येतंय. नीट बसणारी कवळी अचानक बसेनाशी झाली. अशा वेळी दातदुखी किंवा सायनस समजून गोळ्या घेतल्या जातात. पण ही वरच्या जबड्याच्या कॅन्सरची लक्षणंही असू शकतात. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायलाच हवी. कॅन्सरचं पक्कं निदान बायोप्सीतून होतं.

उशिरा का कळतं?

डोळ्याखाली, गालाच्या हाडाआड एक पोकळी असते. गाठ तिथे वाढली तर सुरुवातीला फारसा त्रास होत नाही. गाल सुजेपर्यंत किंवा बधिर होईपर्यंत ती पसरलेली असू शकते. तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे होणारा टाळूचा किंवा हिरडीचा कॅन्सर मात्र तोंड उघडून पाहिलं तर लवकर दिसू शकतो.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

गाठीसोबत जबड्याचं हाड, दात आणि गरजेनुसार टाळूचा भाग काढतात. टाळूला भोक राहिलं तर पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. त्यासाठी कवळीसारखी प्लेट बसवतात किंवा पायाचं हाड आणि मांस लावून ती जागा भरतात.

रेडिएशन कशासाठी?

आजार वाढलेला असेल तर डोळ्यांना न दिसणाऱ्या, मागे राहिलेल्या पेशी मारण्यासाठी रेडिएशन देतात. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला हवं. आठवड्यातून 5 दिवस, असं सुमारे 6 आठवडे ते चालतं. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो. तोंड कोरडं पडणं आणि कमी उघडणं हे त्रासही होतात, म्हणून तोंडाचे व्यायाम सांगतात.

भुसावळच्या पेशंटने काय करावं?

भुसावळहून मुंबईचं टाटा हॉस्पिटल सुमारे 440 किलोमीटर लांब आहे. घरी आल्यावर बरं वाटतं, मुंबईत महिना-दीड महिना राहणं परवडत नाही आणि रेडिएशन लांबतं. मागे राहिलेल्या पेशींना वाढायला तेवढा वेळ पुरतो.

त्यामुळे या सोयी माहीत हव्यात. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र असेल तर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलांत पात्र पेशंटना कॅन्सरचे उपचार मोफत मिळतात. ऑपरेशन मुंबईत झालं, तरी रेडिएशन नाशिकला घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारता येतं.

डिस्चार्ज घेताना एक प्रश्न नक्की विचारा: रेडिएशन लागणार आहे का, आणि कोणत्या तारखेपासून?