बॉनेटवरचे जनावर

मोटारीच्या नाकावर पशुपक्ष्यांची मूर्ती बसवण्याची चाल विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत रुळली. त्या काळी रेडिएटरचे झाकण बॉनेटच्या टोकाला उघड्यावरच असे आणि ते झाकणच मूर्तीची बैठक बनले. बहुतेक मूर्ती गाडीमालक हौसेने बाजारातून विकत घेत. कंपनीने स्वतःची खूण म्हणून निवडलेले प्राणी त्या मानाने थोडे. वेगवान गाड्यांपुरते पाहायचे तर त्यांतले दोन नामांकित प्राणी पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवरून आले.

पहिला प्राणी इस्पानो-सुइझाचा करकोचा. फ्रेंच वैमानिक जॉर्ज गिनमेर यांच्या तुकडीच्या विमानांवर करकोचा रंगवलेला असे आणि तिच्या स्पॅड विमानांना इंजिन इस्पानो-सुइझाचे होते. गिनमेर १९१७ मध्ये मारले गेले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये कंपनीने नवी आलिशान गाडी काढली, तेव्हा शिल्पकार फ्रान्स्वा बाझँ यांनी घडवलेला करकोचा तिच्या रेडिएटरवर विराजमान झाला.

दुसरा प्राणी फेरारीचा घोडा. ३४ विमाने पाडणारे इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का मूळचे घोडदळातले. आपल्या विमानावर ते मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा रंगवत. जून १९१८ मध्ये ते मोंतेल्लोच्या आघाडीवर पडले. १९२३ मध्ये रावेनाजवळच्या साव्हियो शर्यतीत एन्झो फेरारी पहिले आले. तिथे त्यांची बाराक्कांच्या वडिलांशी ओळख झाली, आणि पुढे आई काउंटेस पाओलिना यांनी मुलाचा घोडा गाडीवर लावण्यास सुचवले. तो यश देईल, अशी त्यांची भावना होती. फेरारींनी घोड्यामागे आपल्या मोदेना शहराचा पिवळा रंग घातला. तरीही घोडा शर्यतीत उतरायला ९ जुलै १९३२ हा दिवस उजाडावा लागला. बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत तो प्रथम दिसला, तोही अल्फा रोमिओच्या गाड्यांवर, कारण फेरारींचा संघ तेव्हा अल्फाच्याच गाड्या पळवत होता. फेरारी नावाची गाडी बाजारात यायला १९४७ साल लागले. म्हणजे जगातले बहुधा सर्वांत ओळखीचे हे मोटारचिन्ह गाडीहून वयाने मोठे आहे, आणि ते ठरवताना खपाचा विचार कोणाच्या मनात असल्याचे दिसत नाही.

जॅग्वारची गोष्ट वेगळी. १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली यांनी मोटारसायकलींचे साइडकार बनवण्याचा धंदा सुरू केला. त्यातून पुढे एसएस नावाच्या गाड्या आल्या. १९३५ च्या नव्या मॉडेलसाठी लायन्स यांनी प्रसिद्धी खात्याकडून पशू, पक्षी आणि माशांच्या नावांची यादी मागवली आणि तीतले जॅग्वार उचलले. हे नाव आर्मस्ट्राँग सिडली कंपनीच्या विमान-इंजिनाला आधीच दिलेले होते, त्यामुळे तिची संमती घ्यावी लागली. इथे ना वीर होता ना वीरमाता. होता तो यादीवर बोट ठेवणारा चतुर व्यापारी. मूर्ती तर नावाच्याही मागून आली. बाजारातल्या एका कारागिराने परस्पर बनवलेले झेप घेणारे जनावर लायन्स यांना मुळीच रुचले नाही. मग ‘ऑटोकार’ नियतकालिकाचे चित्रकार फ्रेडरिक गॉर्डन क्रॉस्बी यांच्याकडून १९३८ मध्ये आज परिचित असलेली झेप घडवून घेतली गेली. नाझींच्या एसएस दलामुळे जुने नाव बदनाम झाल्यावर १९४५ मध्ये संपूर्ण कंपनीच जॅग्वार झाली.

लॅम्बोर्गिनीच्या बैलाला मालकाची रास कारण ठरली. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी २८ एप्रिल १९१६ चे, म्हणजे पाश्चात्त्य गणिताने वृषभ राशीचे. ट्रॅक्टरच्या धंद्यात पैसा मिळवून त्यांनी १९६३ मध्ये गाड्यांचा कारखाना काढला. १९६६ च्या मिउरापासून गाड्यांना झुंजीच्या बैलांशी निगडित नावे देण्याची प्रथा पडली. मिउरा हे सेव्हिलजवळच्या नामांकित पैदासकारांचे आडनाव, आणि पुढच्या एका गाडीला नाव देणारा इस्लेरो हा त्यांच्याच गोठ्यातला बैल. त्याने १९४७ मध्ये मानोलेते या बुलफायटरचा बळी घेतला होता.

अमेरिकेत ही निवड जाहिरातसंस्थांच्या हाती गेली. फोर्डच्या नव्या छोट्या स्पोर्टी गाडीसाठी जे. वॉल्टर थॉम्पसन संस्थेच्या जॉन कॉन्ली यांनी डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून प्राण्यांची हजारो नावे काढली. चाळणीतून ब्राँको, प्यूमा, चीता, कोल्ट, मस्टँग आणि कूगर ही सहा उरली. ही हकीकत फोर्डचे तेव्हाचे अधिकारी ली आयकोका यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. गाडीचे एक आरेखक जॉन नाजार यांच्या डोळ्यांसमोर मात्र मस्टँग नावाचे लढाऊ विमान होते. दोन्ही हकीकती खऱ्या असू शकतात, पण ग्राहकाला दाखवायला घोडाच सोयीचा होता. जाळीवरचा घोडा उजवीकडून डावीकडे धावतो, अमेरिकन शर्यतीत प्रेक्षकांना दिसतो त्याच्या उलट. यावर आक्षेप निघाला, तेव्हा हा रानटी घोडा आहे, शर्यतीचा पाळीव नव्हे, असे उत्तर आयकोकांनी दिले. १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आलेल्या मस्टँगचा पहिल्या वर्षातला खप चार लाखांवर गेला. जर्मनीत हे नाव क्रुप कंपनीकडे असल्याने तिथे गाडी टी-५ या कोरड्या नावाने विकावी लागली.

यादीत मागे राहिलेले कूगर फोर्डच्याच मर्क्युरी विभागाने वापरले आणि जाहिरातीत कॅमेऱ्यासमोर जिवंत कूगर उभा केला. पाँटिॲकने जीटीओ गाडीला वाघ जोडला, पण जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी ती मोहीम बंद करायला लावली.

याहून धीट प्रयोग प्लिमथचा. १९६८ ची रोड रनर ही मोठ्या इंजिनाची, पण सजावटीला कात्री लावून स्वस्त ठेवलेली गाडी होती. चक जोन्स यांनी १९४९ मध्ये पडद्यावर आणलेला कार्टूनपक्षी वापरण्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले, शिवाय त्याच्या ‘बीप बीप’ आवाजाचा हॉर्न खास तयार करवला. तरुण गिऱ्हाइकाला विनोद पटला. पहिल्याच वर्षी सुमारे ४५ हजार गाड्या खपल्या. दुसऱ्याच्या मालकीचे जनावर भाड्याने घेता येते, हे आता सिद्ध झाले होते.

पुढे बॉनेटवरून वर आलेल्या मूर्ती पादचाऱ्यांना घातक म्हणून नियमांनी मागे सारल्या. चिन्हे जाळीवर, चाकांवर आणि कागदावर उरली. कागदावरची चिन्हे विकताही येतात. मस्टँगच्या फोर्डने १९८९ मध्ये जॅग्वार विकत घेतली, आणि २००८ मध्ये ती लँड रोव्हरसह २.३ अब्ज डॉलरला मुंबईच्या टाटा मोटर्सला विकली.