उच्चकोटी संस्थितिक अवस्था

उच्चकोटी संस्थितिक अवस्था म्हणजे पदार्थाचा अंतर्भाग आणि त्याच्या कडा विद्युत्‌रोधक असताना केवळ कोपऱ्यांपाशी आढळणाऱ्या क्वांटम अवस्था होत. हे वर्णन द्विमितीय पदार्थांना लागू पडते; त्रिमितीय स्फटिकात अशा अवस्था दोन पृष्ठभाग जेथे मिळतात त्या धारांवरही असू शकतात. ही संकल्पना संघनित द्रव्य भौतिकीतील आहे.

पार्श्वभूमी

वस्तू ताणली किंवा वाकवली तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचा अभ्यास संस्थितिशास्त्रात केला जातो. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्टांनाही असे गुणधर्म असतात. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी शोधलेला क्वांटम हॉल परिणाम हे त्याचे पहिले ठळक उदाहरण होय. पदार्थाच्या संस्थितिक अवस्थांवरील सैद्धांतिक कार्याबद्दल थाउलेस, हाल्डेन व कोस्टरलिट्झ यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेहमीच्या द्विमितीय संस्थितिक निरोधकात प्रवाह एकमितीय कडेने वाहतो, म्हणजे वाहक सीमेची मिती पदार्थाच्या मितीपेक्षा एकाने कमी असते. हा फरक दोनचा असल्यास त्या अवस्थेस द्वितीय कोटीची अवस्था म्हणतात.

सिद्धांत

२०१७ मध्ये बेनालकाझार, बर्नेविग व ह्यूज यांनी चौरस जालकाची एक प्रतिकृती मांडली. तीत अणुस्थानांमधील दुर्बल व प्रबल बंध आलटूनपालटून येतात आणि प्रत्येक चौकोनातून अर्धा चुंबकीय स्रोत-पुंज जातो. अशा पत्र्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर इलेक्ट्रॉनच्या निम्म्या मूल्याचा विद्युत्‌भार साचतो. हे मूल्य स्फटिकाच्या सममितीमुळे निश्चित होते.

प्रयोग

प्रारंभीची पडताळणी इलेक्ट्रॉनांवर न होता कृत्रिम रचनांवर झाली. २०१८ मध्ये सिलिकॉनच्या कंप पावणाऱ्या पट्टिका, सूक्ष्मतरंग अनुनादक आणि विद्युत् मंडले अशा तीन प्रकारच्या रचनांत कोपऱ्यांवरील अवस्था दिसून आल्या. प्रत्यक्ष पदार्थांपैकी ग्राफडायाइन या कार्बनच्या एकस्तरीय रूपात, तसेच परस्परांशी मोठ्या कोनात फिरवलेल्या ग्राफीनच्या दोन थरांत अशा अवस्था असाव्यात, असे भाकीत २०१९ मध्ये करण्यात आले.

पुराव्याचा प्रश्न

कोपऱ्यावर अवस्था दिसली म्हणजे ती संस्थितिक आहे, असे सिद्ध होत नाही. कोपऱ्यावरील अणूंचे बंध तुटलेले असतात. त्यामुळे सर्वसाधारण पदार्थातही तेथे स्थानबद्ध अवस्था निर्माण होऊ शकते. शिवाय, कोपऱ्यावर थोडा बदल केल्यास अवस्थेची ऊर्जा सरकून ती ऊर्जापट्टात विलीन होऊ शकते. म्हणून कोपऱ्यावरील अपूर्णांकी भार हा अधिक विश्वसनीय निकष मानला जातो. परंतु तो मोजणे कठीण असते. पदार्थाच्या कडा वेड्यावाकड्या असल्यास आवश्यक सममितीही भंग पावते.

महाराष्ट्रातील संबंधित संशोधन

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट द्विमितीय पदार्थांवर प्रयोग करतो. दोन द्विस्तरीय ग्राफीन एकमेकांवर अल्प कोनात ठेवून केलेल्या रचनेत विद्युत्‌क्षेत्र बदलल्यास संस्थितिक संक्रमण घडते. ते विद्युत् मापनातून ओळखता येते, असे या गटाने सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये ‘नेचर फिजिक्स’ या नियतकालिकात दाखवले. हे कार्य कोपऱ्यांवरील अवस्थांविषयी नाही. मात्र अंतर्भागातील संस्थितिक बदल थेट मोजण्याची त्यातील पद्धत या विषयाशी निकटची आहे.